डोळ्याची खोबण आणि तिचा अस्थिभंग

शाळेच्या क्रीडांगणावर एखाद्या मुलाच्या डोळ्यावर चेंडू किंवा कोणाचें कोपर बसलें कीं, दुसऱ्या दिवशीं तो काळानिळा डोळा घेऊन वर्गांत येतो, सोबती त्याची थोडी थट्टा करितात, आणि आठ-दहा दिवसांत निळ्याचा हिरवा व हिरव्याचा पिवळा रंग होऊन प्रकरण मिटतें. बहुधा तें खरोखरच मिटण्यासारखें असतें. परंतु डोळ्याभोंवतालच्या त्वचेचा रंग हा आंतील नुकसानाचा भरंवशाचा साक्षीदार नव्हे. ज्याचा डोळा भोपळ्यासारखा सुजला आहे त्याचें एकही हाड मोडलेलें नसेल. आणि ज्याच्या डोळ्यावर नांव घेण्यासारखा डागही नाहीं अशा एखाद्या बारा वर्षांच्या मुलाच्या खोबणींत, हाडाच्या फटींत स्नायु सांपडून त्याचा रक्तपुरवठा तुटत चाललेला असेल. पहिल्या मुलाभोंवतीं सगळे धांवतात. दुसऱ्यास ओकारी झाली म्हणून "पित्त झालें असेल" असें म्हणून घरीं निजविलें जाण्याचा फार संभव असतो. हा फरक शिक्षकांस, पालकांस व मोठ्या विद्यार्थ्यांस ठाऊक असावा, एवढ्यासाठीं आम्ही हा विषय येथें घेतला आहे.

प्रथम खोबणीची रचना पाहूं. वाचकांनीं आपलें बोट भुंवईच्या खालच्या कडेवर ठेवून तें डोळ्याभोंवतीं सावकाश फिरवावें. जो टणक कांठ बोटास लागतो ती खोबणीची चौकट होय. वरच्या बाजूस कपाळाचें हाड, बाहेरच्या व खालच्या बाजूस गालाचें हाड, आणि नाकाकडे वरच्या जबड्याचें हाड मिळून ती बनली आहे. ही चौकट चांगली जाड असते. पण तिच्या आंत बोट जाऊं शकलें असतें तर निराळाच प्रकार आढळला असता. चौकट सागवानी, पण भिंती कुडाच्या, अशा घरासारखी ही रचना आहे. एकंदर सात हाडें मिळून ही खोबण होते. तिचा आकार नरसाळ्यासारखा मागें निमुळता होत जाणारा असून टोंकाशीं असलेल्या छिद्रांतून दृष्टीचा मज्जातंतु मेंदूकडे जातो. तळाचें हाड कांहीं ठिकाणीं सुमारें अर्धा मिलिमीटर जाड असतें. नाकाच्या बाजूची भिंत त्याहूनही पातळ असल्यामुळें शारीरशास्त्रज्ञांनीं तिला लॅटिन भाषेंत कागदावरूनच नांव दिलें आहे. मोठ्या माणसाच्या खोबणींत सुमारें ३० मिलिलिटर जागा असते व त्यांतील सुमारें ७ मिलिलिटर जागाच डोळ्याचा गोळा व्यापतो. बाकीच्या जागेंत मऊ चरबी, डोळा फिरविणारे सहा स्नायु, रक्तवाहिन्या व मज्जातंतु यांची दाटी आहे.

ह्या भिंतींपलीकडे काय आहे हेंही ध्यानांत ठेविलें पाहिजे. तळाच्या खालीं वरच्या जबड्याच्या हाडांतील हवेची मोठी पोकळी आहे, आणि आंतल्या भिंतीपलीकडे नाकालगतच्या लहान लहान पोकळ्या आहेत. ह्या साऱ्या पोकळ्यांचा नाकाशीं संबंध आहे. शिवाय तळाच्या हाडांतील एका खांचेतून एक मज्जातंतु पुढें येऊन गालावर उतरतो. खालची पापणी, गाल, नाकाची बाजू, वरचा ओंठ व पुढचे वरचे दांत यांस स्पर्शज्ञान तोच देतो. पुढें सांगावयाचीं बहुतेक सर्व लक्षणें ह्या शेजाऱ्यांमुळें उत्पन्न होतात.

आतां हें हाड मोडतें कसें? खोबणीचें तोंड सुमारें ४ सेंटिमीटर रुंद व ३॥ सेंटिमीटर उंच असतें, आणि क्रिकेटचा चेंडू ७ सेंटिमीटरांहून थोडा अधिक व्यासाचा असतो. म्हणजे तो चेंडू सगळाच्या सगळा आंत शिरूं शकत नाहीं, चौकटीवर अडतो. तरीही त्याच्या फुगीर भागाचा दाब मऊ डोळ्यावर पडतो व हा दाब आंतल्या सर्व बाजूंस पसरून जी भिंत दुबळी असेल ती फुटते. न्यूयॉर्कच्या बायरन स्मिथ व विल्यम रेगन ह्या दोघां डॉक्टरांनीं सन १९५७ मध्यें ह्याविषयींचा आपला प्रयोग प्रसिद्ध केला. आयर्लंडमध्यें हर्लिंग नांवाचा चेंडूफळीचा एक जुना खेळ आहे. त्या खेळांतला टणक चेंडू त्यांनीं एका शवाच्या डोळ्यावर ठेवून त्यावर हातोड्याचा घाव घातला. चौकट शाबूत राहिली, पण तळ खालच्या पोकळींत फुटला. अशा भंगास इंग्रजींत ब्लो-आउट फ्रॅक्चर म्हणतात. दुसऱ्या पक्षाचें म्हणणें असें कीं, डोळ्यावर दाब न पडतांही केवळ चौकटीच्या खालच्या कांठावर बसलेल्या धक्क्यानें पातळ तळास बाक येऊन तो मोडूं शकतो. दोन्ही प्रकार प्रयोगांत दिसून आले आहेत, आणि प्रत्यक्ष अपघातांत दोहोंचाही भाग असावा असें आज बहुतेक तज्ज्ञ मानतात.

भिंत फुटते म्हणून पुष्कळदां डोळा वांचतो, हें येथें सांगितलें पाहिजे. दाबास वाट मिळाली नसती तर तो सारा नेत्रगोलावरच पडला असता. ज्यांस सृष्टींत उत्पन्नकर्त्याचा हात दिसतो त्यांस ह्या कुडाच्या भिंतींत त्याची दूरदृष्टि दिसली तर नवल नाहीं. ज्यांस तसें वाटत नाहीं त्यांनाही ही व्यवस्था सोयीची आहे हें कबूल करावें लागेल. मात्र ती मोठ्या वस्तूंपुरतीच उपयोगी. स्क्वॉशचा चेंडू केवळ ४ सेंटिमीटर व्यासाचा असल्यामुळें तो चौकटीवर न अडतां सरळ डोळ्यास भिडतो. आपली विटी तर दोन्ही टोंकांस निमुळती. तिला चौकटीचा अडसर मुळींच नाहीं. तेव्हां चेंडूपेक्षां विटी गरीब असें समजणें चुकीचें आहे.

मार लागल्यावर अस्थिभंग झाला आहे कीं नाहीं हें मैदानावर निश्चितपणें ठरवितां येणार नाहीं, आणि तें ठरविणें शिक्षकाचें कामही नव्हे. परंतु संशय घेण्यासारखीं लक्षणें ओळखतां येतात. सर्वांत महत्त्वाचें म्हणजे एकाचे दोन दिसणें. डोळ्याखालचा स्नायु किंवा त्याच्या भोंवतालची चरबी फटींत अडकली म्हणजे तो डोळा दुसऱ्याच्या बरोबरीनें वर किंवा खालीं फिरत नाहीं, आणि दोन डोळ्यांचीं दोन चित्रें एकमेकांवर बसत नाहींत. मुलास समोर बसवून, त्याचें डोकें स्थिर ठेवून, आपलें बोट हातभर अंतरावर धरावें व सावकाश वर, खालीं, उजवीकडे व डावीकडे न्यावें. बोटें दोन दिसतात काय, हें त्यास विचारावें. आणि दोन्ही बुबुळें सारखीं चढतात काय, हें आपण पाहावें. एक डोळा झांकल्याबरोबर दुसरें चित्र नाहींसें झालें तर दोष डोळ्यांच्या जुळणींत आहे. डोळा झांकूनही उघड्या डोळ्यास दोनच दिसत असतील तर दोष त्या उघड्या डोळ्याच्याच आंत आहे असें समजावें. वर पाहतांना मुलास मळमळलें तर परीक्षा तेथेंच थांबवावी. पुन्हां पुन्हां करून पाहूं नये.

दुसरें लक्षण बधिरतेचें. कापसाची वात दोन्ही गालांवर हलकेच फिरवून दोहोंकडे सारखें लागतें काय हें विचारावें. पुष्कळ रोगी, दांत काढण्यापूर्वी दिलेल्या सुईनें ओंठ जड होतो तसा ओंठ झाल्याचें सांगतात. मघाशीं सांगितलेला मज्जातंतु तळाबरोबर दुखावला गेल्याची ती खूण होय. त्याच बाजूच्या नाकपुडींतून रक्त येणें हीही संशयाची गोष्ट आहे. गाल चपटा दिसूं लागला, चौकटीच्या कांठावर पायरीसारखा उंचसखलपणा लागला, किंवा तोंड पुरतें उघडेनासें झालें, तर गालाचें हाडही मोडलें असावें.

आणखी एक चमत्कारिक लक्षण आहे. मार लागल्यावर मुलगा जोरानें नाक शिंकरतो, आणि क्षणांत त्याची पापणी फुग्यासारखी फुगून डोळा मिटतो. बोट लाविलें तर कातडीखालीं बारीक चुरचुर लागते. नाकांतील हवा फुटलेल्या भिंतींतून पापणींत शिरल्यामुळें हें होतें. म्हणून डोळ्यावर मार लागलेल्यानें नाक शिंकरूं नये, शिंक आलीच तर तोंड उघडें ठेवून शिंकावें, हा नियम सर्व विद्यार्थ्यांनीं पाठ करावा. तो पाळावयास एक पैही लागत नाहीं.

डोळा खोल जाणें हें लक्षण मात्र पहिल्या दिवशीं बहुधा दिसत नाहीं. तळ खचल्यामुळें खोबणीची जागा वाढते, चरबी खालीं उतरते, आणि डोळा मागें सरकतो. पण सुजेमुळें तो प्रथम पुढें आल्यासारखाही भासतो. सूज उतरल्यावर, आठ-पंधरा दिवसांनीं, एक डोळा दुसऱ्याहून लहान दिसूं लागतो. सूज उतरली म्हणून दवाखान्याची दुसरी फेरी चुकविणारे पालक नेमकी हीच गोष्ट हातची घालवितात.

आतां त्या पांढऱ्या डोळ्याच्या मुलाकडे वळूं. लहान मुलांचीं हाडें वाळलेल्या काठीसारखीं कडकन मोडत नाहींत. ओल्या फांदीसारखीं वांकतात व चिरतात. चेंडूच्या दाबानें खोबणीचा तळ माळ्याच्या झडपेसारखा क्षणभर खालीं उघडतो, स्नायु किंवा चरबी त्यांतून खालीं घसरते, आणि हाडाच्या लवचिकपणामुळें झडप लगेच वर येऊन बसते. आंत सांपडलेला भाग चिमट्यांत धरल्यासारखा होतो. बाहेर सूज थोडी, रक्त सांकळलेलें जवळजवळ नाहींच, डोळा पांढरा स्वच्छ. पण मुलास वर पाहतां येत नाहीं, प्रयत्न केला कीं फार दुखतें, आणि त्यास मळमळ सुटून ओकाऱ्या होतात. कित्येकदां नाडी मंद होते व घेरीही येते. डोळ्याच्या स्नायूवर ताण पडला असतां एका मज्जातंतूनें वार्ता मेंदूस जाऊन दुसऱ्यानें हृदयास मंद होण्याची आज्ञा येते, हा शरीराचा एक ठरीव व्यवहार आहे. ऑस्ट्रियाचा अश्नर व इटलीचा डान्यिनी यांनीं सन १९०८ मध्यें तो वेगवेगळा वर्णिला.

ओकारी, घेरी व मलूल चेहरा पाहून डोक्यास मार लागला असावा असेंच प्रथम मनांत येतें, आणि तसा संशय घेणें गैरही नाहीं. मेंदूची तपासणी झालीच पाहिजे. पण ती निर्दोष ठरली म्हणजे सर्व कुशल आहे असें समजून मुलास घरीं धाडलें जातें, आणि डोळा पांढरा असल्यामुळें त्याकडे कोणी पाहत नाहीं. सन १९९८ मध्यें डॉ. जॉर्डन व त्यांच्या सहकाऱ्यांनीं नेत्रशस्त्रवैद्यांच्या एका नियतकालिकांत अशा रोग्यांचें वर्णन केलें, तेव्हांपासून "पांढऱ्या डोळ्याचा भंग" हें नांवच रूढ झालें आहे. सांपडलेला स्नायु फार काळ तसाच राहिला तर त्याचें मांस मरून तेथें कठीण वण होतो, व मागाहून तो सोडविला तरी डोळा पूर्ववत् फिरत नाहीं. म्हणून अशा मुलाची शस्त्रक्रिया एक-दोन दिवसांच्या आंत, आणि नाडी मंद होत असेल तर तांतडीनें, करावी असा आजचा संकेत आहे. चेंडू लागलेलें मूल वर पाहूं शकत नाहीं व ओकतें, एवढ्या दोन गोष्टी एकत्र दिसल्या कीं रात्र जाऊं देऊं नये. दवाखान्यांतही "ह्याला वर पाहतां येत नाहीं" हें वाक्य आपण होऊन स्पष्ट सांगावें.

अस्थिभंगापेक्षांही अधिक घाईचे दोन प्रसंग आहेत. एक, नेत्रगोलच फुटला असणें. बाहुली वाटोळी न राहतां थेंबासारखी ओढलेली दिसणें, बुबुळामागें रक्ताची पातळी दिसणें, किंवा नजर एकदम अंधुक होणें हीं अशा नुकसानाचीं चिन्हें होत. दुसरा, डोळ्यामागें रक्त सांचणें. त्यानें डोळा पुढें ढकलला जातो, दगडासारखा टणक होतो, वेदना असह्य होतात आणि दृष्टि मावळूं लागते. येथें दीड-दोन तासांचाच अवकाश समजतात. शस्त्रवैद्य अशा वेळीं चित्रे काढण्याची वाट न पाहतां पापण्यांच्या बाहेरील कोपऱ्यांतील बंध कापून दाब मोकळा करितात. हाड मागून नीट करितां येतें. गेलेली दृष्टि बहुधा परत येत नाहीं. भारताचा यष्टिरक्षक सबा करीम ह्यास सन २००० मध्यें ढाक्याच्या आशिया चषक सामन्यांत अनिल कुंबळेच्या गोलंदाजीवर यष्टिरक्षण करीत असतां उजव्या डोळ्यावर चेंडू लागला, आणि त्या दुखापतीनें त्याचा खेळ संपला.

मग मैदानावर करावें काय? मुलास डोकें उंच राहील असें बसवावें. स्वच्छ फडक्यांत बर्फ गुंडाळून तो भुंवई व गालाच्या हाडावर टेकवावा; डोळ्याच्या गोळ्यावर दाबूं नये. आपल्याकडे आईबहिणी पदराचा बोळा करून त्यावर फुंकर घालतात व तो डोळ्यावर दाबून शेक देतात. ह्या मायेचा आम्ही अनादर करीत नाहीं. धुळीच्या कणानें चुरचुरणाऱ्या डोळ्यास तो चालत असेल. पण मार लागलेल्या डोळ्यावर दाब घातला आणि आंत गोळा फुटलेला असला तर आंतील द्रव्य बाहेर येईल. हळद, दूध, मध, कांद्याचा रस किंवा घरांत उरलेलें कसलेंही औषध डोळ्यांत घालूं नये. सुजलेली पापणी बळानें उघडूं नये. डोळा फुटल्याचा संशय असेल तर कागदी पेल्याचा तळ कापून तो हाडाच्या कांठावर टेकेल असा बसवून चिकटपट्टीनें अडकवावा, म्हणजे डोळ्यास कांहींच लागणार नाहीं. ॲस्पिरिन देऊं नये. तिनें रक्तस्राव वाढतो, व मुलांस ती एरवींही वर्ज्य आहे. शस्त्रक्रियेचा संभव दिसत असेल तर दवाखान्यांत पोहोंचेपर्यंत खाणेंपिणें बंद ठेवावें. निघण्यापूर्वी दोन्ही डोळ्यांनीं वेगवेगळें वाचतां येतें काय हें पाहून, वेळेसह कागदावर टिपून द्यावें. नजर घटत आहे कीं तशीच आहे हें पुढील डॉक्टरांस त्यावरून कळतें.

रुग्णालयांत प्रथम डोळा तपासतात, मग हाड. साध्या क्ष-किरण चित्रांत पातळ भिंतींचा भंग निसटूं शकतो, म्हणून बारीक कापांचा सी. टी. स्कॅन करितात. त्यांत तळांतून खालच्या पोकळींत लोंबणारी चरबी पावसाच्या थेंबासारखी दिसते. मात्र झडपेच्या भंगांत हाड परत जागेवर आलेलें असल्यामुळें चित्रही भोळें दिसूं शकतें. तेथें मुलाच्या डोळ्याची हालचालच खरी साक्ष देते.

सर्वच भंगांस शस्त्रक्रिया लागत नाहीं, हें ऐकून पुष्कळांस नवल वाटेल. सन १९५७ नंतर कांहीं वर्षें तळ फुटला कीं लवकर शस्त्र चालविण्याकडे कल होता. सन १९७४ मध्यें शिकागोचे ॲलन पटरमन व त्यांचे सहकारी यांनीं, शस्त्रक्रियेवांचून बरे झालेल्या रोग्यांचा वृत्तांत प्रसिद्ध केला, आणि तो कल मागें हटला. आज मध्यम मार्ग चालतो. भंग लहान, डोळा नीट फिरतो, खोल गेलेला नाहीं, तर सूज उतरेपर्यंत एक-दोन आठवडे पाहतात. त्या अवधींत दोन दिसणें पुष्कळदां आपोआप कमी होतें. हें पाहत राहणें म्हणजे हयगय नव्हे, मात्र नेमलेल्या दिवशीं रोग्यानें गेलें पाहिजे. दोन दिसणें कायम राहिलें, डोळा सुमारें २ मिलिमीटरांहून अधिक मागें गेला, किंवा अर्ध्याहून अधिक तळ खचला असला, तर साधारणपणें दोन आठवड्यांच्या आंत शस्त्रक्रिया करणें बरें. कारण पुढें वण घट्ट होऊन काम अवघड होतें.

शस्त्रक्रियेंत खालच्या पापणीच्या आंतील बाजूनें किंवा पापणीच्या केसांखालून छेद घेतात, म्हणजे चेहऱ्यावर व्रण फारसा राहत नाहीं. खालीं उतरलेली चरबी व स्नायु हलकेच वर उचलून घेतात, आणि भोंकावर पातळ तक्ता बसवितात. तो रोग्याच्याच डोक्याच्या, बरगडीच्या किंवा कमरेच्या हाडाचा असूं शकतो. टायटॅनियम धातूची जाळी किंवा सच्छिद्र प्लॅस्टिकही वापरितात. गालाची बधिरता मात्र शस्त्रक्रियेनें लगेच जात नाहीं. मज्जातंतु सावकाश सुधारतो. त्यास महिने लागतात, व क्वचित् थोडी बधिरता उरते.

पुन्हां खेळावें केव्हां, हा विद्यार्थ्यांचा खरा प्रश्न, आणि त्याचें सर्वांस सारखें उत्तर नाहीं. बेल्जियमचा केव्हिन डी ब्रॉयना २९ मे २०२१ रोजीं पोर्टो येथें प्रतिपक्षाच्या खेळाडूशीं आदळला. नाकाचें हाड व डाव्या डोळ्याची खोबण मोडली, तरी तीन आठवड्यांच्या आंत तो मैदानावर होता. त्याच वर्षीं २१ नोव्हेंबरला नापोली संघाच्या व्हिक्टर ओसिमेनचें डावें गालाचें हाड व खोबण मोडली. त्यास शस्त्रक्रिया करावी लागून तो जवळजवळ दोन महिन्यांनीं, मुखवटा लावून, परतला. इंग्लंडचा यष्टिरक्षक-फलंदाज क्रेग कीस्वेटर यास जुलै २०१४ मध्यें शिरस्त्राणाच्या जाळींतून आंत आलेला चेंडू लागून नाक व खोबण मोडली. तो परत खेळला, पण दृष्टि पूर्वीसारखी राहिली नाहीं, आणि जून २०१५ मध्यें सत्तावीस वर्षांच्या वयांत त्यानें खेळ सोडला. तेव्हां दिवस मोजून नव्हे, तर डोळा तपासून परवानगी द्यावी लागते. साधारणतः कांहीं आठवडे धक्काबुक्कीचे खेळ, नाक शिंकरणें व विमानप्रवास वर्ज्य सांगतात. नेमका काळ शस्त्रवैद्य ठरवील. आणि शाळेचें शिरस्त्राण विकत घेतांना त्याच्या टोपीच्या कडेपासून जाळीपर्यंतच्या फटींतून खेळावयाचा चेंडू आंत जातो काय, हें दुकानांतच चेंडू लावून पाहावें.